मागच्या दारानं येणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सप्रेम जय येशू.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला खपणार नाही, ठाऊक आहे. म्हणून नाव घालत नाही, आळीही सांगत नाही. वसई एवढंच पुरे.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाडीकडे बघायला कोणी उरलं नाही. केळीचे लोंगर झाडावरच पिकले, वटवाघळांनी खाल्ले. त्या दिवसांत मदत पुष्कळांनी केली. एके ठिकाणी धान्याची पिशवी हातात देऊन आमचा फोटो काढला. तांदूळ चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवू? पण तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला आणि लेकीनं फोनच बंद करून ठेवला.

तुम्ही विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या, म्हणजे घरोघरी जाऊन गरजूंना मदत करणाऱ्या आपल्या चर्चमधल्या मंडळाच्या, दुसऱ्या बाईंना घेऊन मागच्या दारानं आलात. पिशवी ओट्याखाली सरकवलीत आणि वर मलाच गळ घातलीत, "अगं, चाफ्याच्या कळ्या खुडायला माणूस मिळत नाही. पहाटे येशील का?" मजुरी हातावर रोख. मदत घेतेय की करतेय, माझं मलाच कळेना.

एकदा तुम्ही ह्यांच्या पायांशी बसलात. वाढलेली नखं बघून घमेल्यात कोमट पाणी मागवलंत, पाय भिजत घातलेत आणि एकेक नख कापलंत. तोंडानं मात्र दादरच्या बाजारात चाफा कसा पडलाय तेच चाललेलं. हे संकोचून पाय मागे घेत होते, तर म्हणालात, "पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे धुतात, मी एकाचे धुतले तर काय बिघडलं?" झटक्यानंतर ह्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे तुमच्याबरोबर सभेला आले. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली, हे तिथंच कळलं. पण लक्षात राहिली ती सभेतली गुप्त दानाची थैली. जो तो मूठ आत घालूनच उघडतो. कोणी शंभर टाकले, कोणी नुसताच हात घातला, शेजारच्यालाही पत्ता नाही. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, हे मत्तयाचं शुभवर्तमान राखेच्या बुधवारी दरवर्षी ऐकत आले. ते असं करायचं असतं, हे त्या थैलीत हात घातला तेव्हा उमगलं. त्या दिवशी माझी मूठ रिकामीच होती, आता सांगायला हरकत नाही.

ह्यांची तब्येत आता बरी आहे. काठी टेकत वाडीत जातात, गड्यावर ओरडतात. तुमचे गुडघे दुखतात असं त्या दुसऱ्या बाईंकडून कळलं; तुम्ही कधी बोलला नाहीत. तर पुढच्या रविवारी घरभेटींना रिक्षा करू नका. स्कूटर मी चालवते, तुम्ही मागे बसून पिशव्या सांभाळा.

तुमची,
चाफ्याच्या कळ्या खुडणारी