लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत लोणारचा उल्लेख ‘ज्वालामुखीच्या मुखात साचलेले सरोवर’ असा वाचून वाईट वाटले. हा समज जुना आहे आणि तो का रुजला हेही समजण्यासारखे आहे, कारण विवराचा काळा कातळ खरोखरच लाव्हारसाचा आहे. परंतु दख्खनच्या पठारावरील ते उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर विवराचे वय २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. आधीच्या एका मापनात ते ५२ हजार वर्षे आले होते. यांपैकी कोणताही आकडा धरला तरी हे विवर पडले तेव्हा इथला ज्वालामुखी कधीच थंड झालेला होता.

खरी साक्ष दगडच देतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खडकात मास्केलिनाइट ही काच आढळल्याचे नोंदवले गेले. फेल्डस्पार या खनिजावर अतिप्रचंड वेगाच्या आघाताचा दाब आला तरच ते असे काचरूप होते, आणि तेवढा दाब ज्वालामुखीच्या स्फोटात निर्माण होत नाही. म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा आकाशातून आलेल्या अशनीने पाडला.

ज्वालामुखीचे सरोवर पाहायचे, तर अमेरिकेतील ऑरेगनचे ‘क्रेटर लेक’ पाहावे: सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी उद्रेकानंतर माझामा पर्वताचा माथा आत कोसळला आणि त्या पोकळीत पावसाचे व बर्फाचे गोडे पाणी साठत जाऊन ५९४ मीटर खोलीचे निळेशार सरोवर झाले. आपल्या लोणारचे पाणी उथळ, खारट आणि कमालीचे अल्कधर्मी आहे. काठावरील ‘धार’ या झऱ्याचे गोडे पाणी आत येते, मात्र बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. याच क्षारांना पूर्वी दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती आणि त्यांचा व्यापार चाले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेही पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात हा गुलाबी रंग देणारे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवून दिले.

शाळकरी मुले पुरवणीतील कात्रणे प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात. म्हणून पुढील अंकात दुरुस्ती छापून ‘अशनीपाताने झालेले विवर’ असा स्पष्ट उल्लेख करावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, मेहकर