केकमधली चमचाभर कॉफी

लीहाय, युटा
महिन्याचा पहिला रविवार

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या मॉर्मन लोकांत आठ वर्षं काढलीस, अजून बाटला कसा नाहीस?" आणि वर हसत, "चार-चार बायका मिळत असतील तर मलाही कळव." मेधा शेजारीच बसली होती, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, याला नीट लिहूनच कळवावं. शिवाय एक जुनी गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे, ती फोनवर जमणार नाही. ती शेवटी. तोवर धीर धर.

आधी बायकांचं उरकू. मॉर्मन पंथात एकाहून जास्त बायका करायची प्रथा होती हे खरं. 1852 मध्ये त्यांनी ती जाहीरपणे मान्य केली, 1890 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून थांबवली आणि 1896 मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज कुणी दुसरी केली तर चर्चमधून बाहेर काढतात. पण हिशेब इतका सरळ मिटलेला नाही. त्यांच्या मंदिरात ('टेम्पल'मध्ये) लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं ही यांची श्रद्धा. त्यामुळे विधुराने मंदिरात दुसरं लग्न केलं तर परलोकात दोन्ही बायका त्याच्याच. विधवेला मात्र पहिली गाठ रद्द केल्याशिवाय दुसऱ्या नवऱ्याशी तशी गाठ जिवंतपणी बांधता येत नाही. मागचे अध्यक्ष रसेल नेल्सन आणि आताचे डॅलिन ओक्स, दोघांच्याही पहिल्या बायका वारल्या आणि दोघांनीही दुसरं लग्न केलं. मेधाने गल्लीतल्या एका बाईंना एकदा याबद्दल छेडलं. त्या म्हणाल्या, "मी त्याचा फार विचार करत नाही." मेधा घरी येऊन म्हणाली, हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून हजार वेळा ऐकलंय.

हो, आणि त्यांना 'मॉर्मन' म्हटलेलं आता आवडत नाही. 2018 पासून नेल्सन यांनी आग्रह धरला की पूर्ण नाव घ्या, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. पत्रात मी मॉर्मनच लिहितो, तू चुगली करू नकोस. आमच्या गावाचं लीहाय हे नावही त्यांच्याच ग्रंथातल्या एका प्रेषिताचं. जोसेफ स्मिथ नावाच्या न्यूयॉर्कमधल्या शेतकऱ्याच्या पोराला देवदूताने सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांचं भाषांतर म्हणजे हा ग्रंथ, 1830 मध्ये छापलेला. तू यावर काय म्हणशील ते मला माहीत आहे, मीही तेच म्हणतो. पण माझा रोजचा संबंध त्या सोन्याच्या पत्र्यांशी येत नाही. तो येतो शेजारच्या आजोबांशी.

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी उठून पाहतो तर आमच्या दारापुढचा बर्फ काढलेला. आजोबा फावडं घेऊन पुढच्या घराकडे निघालेले. मी त्यांना ओढूनच आत आणलं. मेधाने आलं ठेचून चहा टाकला. ते म्हणाले, नको, धन्यवाद. आता आपल्याकडे आलेला माणूस 'नको' म्हणाला की आपण ते ऐकतो का? अर्धा कप तरी. बरं, घोटभर. शेवटी त्यांनी कप घेतला, दोन्ही हात शेकत अर्धा तास गप्पा मारल्या आणि भरलेला कप तसाच ठेवून गेले. आम्हाला वाटलं, आपला चहा आवडला नाही!

मग कळलं. 1833 मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला स्मिथला एक साक्षात्कार झाला, त्याला हे 'वर्ड ऑफ विस्डम' म्हणतात. यांच्यातच सांगतात ती कथा अशी की पुरुषमंडळी धर्मचर्चेला जमायची, खोलीभर धूर करायची, तंबाखू चघळून जमिनीवर थुंकायची आणि ती घाण निस्तरून स्मिथची बायको एमा वैतागली. म्हणजे साक्षात्काराच्या मुळाशी एक पोछा आहे. दारू, तंबाखू आणि 'गरम पेयं' वर्ज्य. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ लावला गेला. मग गरम चॉकलेट चालतं, बर्फ घातलेला चहा चालत नाही. कोकाकोला चालतो, इतका की इथे कोकमध्ये नारळाचं सिरप आणि क्रीम घालून देणाऱ्या दुकानांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात. आणि गंमत ऐक, त्याच साक्षात्कारात मांस बेताने खावं, शक्यतो थंडीत किंवा दुष्काळात, असंही आहे. त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. गल्लीत जुलैभर बार्बेक्यू धुमसत असतात आणि शाकाहारी मी, चहाचा कप लपवत, पापी.

हसू नकोस. आपल्याकडे उपासाला दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा चालतो, गहू चालत नाही. आज इथे उपास आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवत नाहीत आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी देतात. आजोबांना मी 'एकादशी, दुप्पट खाशी' समजावून सांगितलं आणि साबुदाण्याची खिचडी खायला घातली. "हा तुमचा उपास?" म्हणून दोनदा वाढून घेतली त्यांनी.

मला तुझे अण्णा आठवतात. माळकरी माणूस. लग्नाच्या पंगतीत रश्श्याचा डाव नुसता ताटावरून गेला तरी ताट बदलून घ्यायचे. आपण चिडवायचो, तर म्हणायचे, "माळ गळ्यात हाय, ती बघत असती." आजोबांचं तसंच आहे, फक्त माळेच्या जागी एक छोटं कार्ड आहे. त्याला टेम्पल रेकमेंड म्हणतात. ते असल्याशिवाय मंदिरात प्रवेश नाही. दर रविवारच्या चर्चमध्ये तुझ्या-माझ्यासारखा कुणीही जाऊ शकतो, मंदिर वेगळं. हे कार्ड दर दोन वर्षांनी नवं करायचं आणि त्यासाठी मुलाखत द्यायची. आधी बिशपकडे, मग त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. बिशप म्हणजे झगा घातलेला पाद्री समजू नकोस. आमच्या वॉर्डाचा (हा दवाखान्याचा वॉर्ड नव्हे, त्यांची वस्तीनिहाय मंडळी) बिशप दाताचा डॉक्टर आहे, पगार शून्य. प्रश्न ठरलेले. देवावर श्रद्धा आहे का, चहा-दारू वर्ज्य आहे का, दशांश पूर्ण देता का. आणि त्यात एक असा की, जे काही करता त्यात प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करता का?

बंद खोली, समोर एक माणूस, सरळ प्रश्न. एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता केक. गेल्या वर्षी आजोबांची नात मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघाली. पोरं अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष (2025 पर्यंत त्यांना एकोणीस पूर्ण लागायची, आता अठरा), कुठे पाठवायचं ते चर्च ठरवतं, खर्च घरचा. निरोपाच्या जेवणाला मेधाने चॉकलेट केक केला. दोन घास खाऊन आजोबा म्हणाले, असा केक मी आयुष्यात खाल्ला नाही. उरलेला घरी नेला. रात्री भांडी विसळताना मेधा एकदम थांबली. तिच्या मैत्रिणीने सांगितल्यापासून चॉकलेटची चव खुलावी म्हणून ती त्यात चमचाभर इन्स्टंट कॉफी घालते. हात सवयीने चालला होता.

मी म्हणालो, गप्प बसू. नकळत घडलं, त्यांच्या देवालाही कळतं. मेधा म्हणाली, त्यांच्याकडून नकळत घडलं. आपल्याला आता कळलंय. मी म्हणालो, सांगून त्या माणसाला उगाच टोचणी लावायची, हा कुठला प्रामाणिकपणा? ती म्हणाली, ते अजून फ्रिजमधला केक खातायत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी मी गेलो आणि दारातच सांगून टाकलं.

आजोबा आधी खो खो हसले. मग म्हणाले, माझं काही नाही रे. मग गप्प झाले. रात्री त्यांनी नातीला मोठा तुकडा बांधून दिला होता आणि ती पहाटेच्या विमानाने गेली होती. "तिला सांगावं का?" त्यांनी मला विचारलं. मला! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाच वर्षं स्वतः बिशप राहिलेला, चहाबाज शेजाऱ्याला धर्मसंकट विचारतोय. मी म्हणालो, पोरगी आधीच घाबरलेली असेल, जाऊ द्या. ते म्हणाले, हं. नातीला त्यांनी कळवलं की नाही, हे मला अजून माहीत नाही आणि विचारायचा धीर होत नाही.

दशांशाचंही असंच. उत्पन्नाचा दहावा हिस्सा. पण कर कापण्याआधीच्या पगाराचा की हातात येतो त्याचा? चर्च सांगत नाही, ज्याने त्याने ठरवायचं. माझ्या ऑफिसात दोन मॉर्मन सहकारी यावर जेवणाच्या सुट्टीत तावातावाने वाद घालतात. आजोबा आधीच्याचा देतात, पेन्शनमधूनसुद्धा. म्हणून 2023 च्या फेब्रुवारीतली बातमी त्यांना लागली. चर्चची गुंतवणूक किती प्रचंड आहे ते दिसू नये म्हणून तिची माहिती वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांआडून भरली जात होती. शेअर बाजाराच्या नियामकाने चर्चच्या गुंतवणूक कंपनीला 40 लाख डॉलर आणि चर्चला 10 लाख डॉलर दंड केला. त्या आठवड्यात आजोबांचं फावडं नेहमीपेक्षा जोरात चाललं होतं. मी विषय काढला नाही. तेच म्हणाले, "मला मुलाखतीत जे विचारतात, ते त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं."

सगळं गोड आहे असं समजू नकोस. ऑफिसातल्या त्या दोघांतल्या एकाच्या भावाने चर्च सोडलं. त्याला कार्ड नाही, म्हणून सख्ख्या बहिणीचं लग्न लागताना तो मंदिराच्या आवारात बाकावर बसून होता, हातात सगळ्यांचे कोट घेऊन. आतलं उरकून मंडळी बाहेर आली, मग फोटोत उभा राहिला. पूर्वी आधी सर्वांसमक्ष लग्न करून मंदिरात जायचं तर वर्षभर थांबावं लागे. 2019 मध्ये ती अट काढली, पण हे लग्न त्याआधीच झालं होतं. कुटुंब अनंतकाळ एकत्र राहावं म्हणून उभारलेली व्यवस्था आणि तिच्याच दारात भाऊ बाहेर. हे मला अजून पचत नाही आणि आजोबांशी मी यावर भांडलो आहे. ते म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण मी दार कसं उघडू, किल्ली माझ्याकडे नाही." मला राग आला. काळ्या पुरुषांनाही पौरोहित्याचं दार 1978 पर्यंत बंदच होतं. तेव्हाही असंख्य भल्या माणसांनी हेच म्हटलं असणार.

बाटण्याचं विचारलंस ना, तर आजोबांनी आठ वर्षांत मला एकदाच विचारलं, मी नाही म्हणालो, विषय संपला. मेल्यावर मात्र माझी खात्री नाही! ही मंडळी आपल्या पूर्वजांच्या नावाने स्वतः पाण्यात बुडी मारून बाप्तिस्मा घेतात. मृताने तो स्वीकारावा की नाकारावा हे त्याच्यावर. आपल्या पितृपंधरवड्याचाच चुलतभाऊ वाटतो मला. फक्त कावळा शिवला नाही तर आपल्याला लगेच कळतं.

आता ती जुनी गोष्ट.

1997, पहिलं वर्ष, ड्रॉइंगच्या शीट्स. मांडणीवरची काच काढून दोन बादल्यांवर ठेवली, खाली शंभरचा बल्ब, आणि रात्रभर तुझ्या शीट्सवरून मी जीटी मारली, म्हणजे काचेवर ठेवून नक्कल गिरवली. सबमिशन मात्र तुझ्याआधी केलं. सरांना दोघांच्या शीटवर एकच डॉटेड लाइन सुटलेली दिसली. तुला अकरा शीट्स पुन्हा काढायला लावल्या आणि तुझे गणपती होस्टेलवर गेले. उशिरा दिली म्हणून तूच कॉपी केली असं सरांनी धरलं, अशी तुझी आजवर समजूत. तसं नव्हतं. त्यांनी मला आधी केबिनमध्ये बोलावलं होतं. दार लावलं आणि सरळ विचारलं, "कुणी कुणाची मारली?" मी म्हणालो, "माझी मीच काढली, सर."

तू नंतर मला म्हणालास, "जाऊ दे, निदान तुझ्या तरी वाचल्या." आणि त्या अकरातल्या तीन शीट्सवर मीच तुला रेषा गिरवून दिल्या, मोठा उपकार केल्यासारख्या. त्या सकाळी आजोबांच्या दारात केकचं बोलताना खरं तर मला हेच आठवत होतं. त्यालाही वर्ष होऊन गेलं.

लगेच फोन करू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर लिहून दे. आणि डिसेंबरात येतो तेव्हा वहिनींसमोर हा विषय काढायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा,
सुधीर