अण्णा, शेवटी नायलॉनच घेतले

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार, आईलाही नमस्कार सांगा.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात "रेडियल घे आणि मोकळा हो" आणि मी नुसतं हो हो केलं, मग रेंज गेली, आणि तेव्हापासून मला चैन नाही कारण टायर मी आदल्या दिवशीच मागवले होते आणि ते रेडियल नाहीत, जुन्या पद्धतीचे तिरप्या धाग्यांचे, आपण ज्याला नायलॉन म्हणतो ते आहेत. तुम्ही हायवेला दुकान टाकून चाळीस वर्षं टायर उघडलेत, तुमचं न ऐकता काही घेतलं तर का घेतलं ते तुम्हाला नीट सांगायला पाहिजे. म्हणून हे सगळं टाइप करतोय, दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे.

आधी गाडीचं. फोटोत काळी दिसली ती 1931 ची फोर्ड मॉडेल ए, कूपे. कंपनीने हिला चार सिलिंडरचं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन दिलेलं, आता आत 1946 चं फोर्डचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असणारं जुन्या पद्धतीचं) व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आहे, 239 क्युबिक इंच, 100 हॉर्सपॉवर. मडगार्ड काढलेत, ब्रेक 1940 च्या फोर्डचे हायड्रॉलिक, पुढे अख्खा एकच अ‍ॅक्सल आणि त्याच्यावर स्प्रिंगचा एकच आडवा पाटा. याला इथे हॉट रॉड म्हणतात आणि हे मूळचं इथलंच, दक्षिण कॅलिफोर्नियाचं, पोरं जुन्या फोर्ड स्वस्तात घ्यायची, जेवढं वजन काढता येईल तेवढं काढायची आणि मुरॉक, एल मिराज असल्या वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांवर नेऊन पळवायची, 1937 ला तर त्यांची एससीटीए म्हणून संघटनाच झाली. आणि ट्रॅडिशनल हॉट रॉड म्हणजे त्या वेळी जे मिळत होतं त्यातूनच उभी केलेली गाडी. माझी 1950 च्या आसपासच्या पद्धतीची आहे.

आता टायरचा प्रश्न आला कुठून ते सांगतो. ज्याच्याकडनं गाडी घेतली त्याने पुढे नवे रेडियल आणि मागे जुने नायलॉन टाकले होते. मला बघताना खटकलं नाही याचं अजून वाईट वाटतं, तुम्ही असता तर वाकून आधी तेच बघितलं असतं. डोंगरातल्या रस्त्यावर, एंजेलिस क्रेस्टला, एका वळणावर मी फार वेगातही नव्हतो आणि गाडीची शेपूट सुटली. पुढचं चाक धरून राहिलं, मागचं सरकलं. थांबून टायर बघितले तर मागच्यावर तारखेच्या कोडचे आकडे तीनच, म्हणजे 2000 च्या आधीचे टायर, कारण त्यानंतर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. साइडवॉलला केसासारख्या भेगा. पोरगी त्या दिवशी सोबत नव्हती एवढंच बरं. मिसळायचेच झाले तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे, उलटं कधीच नाही, आणि खरं तर मिसळूच नयेत, हे आता मला कोणी झोपेत विचारलं तरी सांगेन.

मग गल्लीतल्या आजोबांकडे गेलो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पोरवयापासून हेच करतात. त्यांच्या 1940 च्या फोर्डला रेडियल आहेत, जुन्या दिसणीचे, एक्सेल्सियर म्हणून येतात ते. चाट्टानूगाची कोकर कंपनी जुन्या साच्यांचे फायरस्टोन पण विकते आणि हे रेडियल पण. आजोबा स्पष्ट म्हणाले, मी लांब जातो, मला रेडियल पाहिजेत, तू कुठे जातोस ते आधी ठरव.

अण्णा, मला तुमचंच बोलणं आठवलं. तुम्ही फाटका टायर उघडून मला धागे दाखवायचात. नायलॉनमध्ये धागे तिरपे, एक थर इकडे एक तिकडे, खाटेच्या नवारीसारखे एकमेकांवरनं गेलेले, म्हणून वरचं रबर आणि बाजूची भिंत एकच वस्तू होऊन बसते. भिंत वाकली की वरची नक्षी पण वेडीवाकडी होते, थर एकमेकांवर घासतात, टायर तापतो, म्हणून तुम्ही ट्रक थांबला की टायरला हाताची पालथी बाजू लावून बघायचात. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे आणि वर पट्ट्यासारखी तार, मग भिंत हवी तेवढी वाकते आणि वरचं रबर रस्त्याला सपाट बसून राहतं. पकड जास्त, गरम कमी, झीज कमी. यात वादच नाही, आणि तुम्ही रेडियल सांगितलंत ते ह्याच्यामुळेच हे मला माहितेय.

मी आजोबांच्या ओळखीच्या एकाची नायलॉनवाली गाडी मुद्दाम 210 फ्रीवेला घालून बघितली. इथे काँक्रीटला पाणी निघून जावं म्हणून लांबीच्या दिशेनं बारीक खाचा मारलेल्या असतात, नायलॉनच्या सरळ पट्ट्या त्या खाचांत बसतात आणि गाडी आपल्या मनाने डावी उजवी व्हायला लागते, ताशी शंभर किलोमीटरला स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून मान आखडली. पाऊस असता तर मी फ्रीवेवर चढलोच नसतो. शिवाय सकाळी पहिले दोनतीन मैल धबधब धबधब, रात्रभर उभी राहून टायर खाली चपटा झालेला असतो तो गरम होऊन गोल होईपर्यंत, हे तर तुमच्या दुकानासमोर पहाटे सुटणाऱ्या ट्रकांचं मी लहानपणापासून ऐकलंय.

एवढं कळूनही नायलॉन का.

एक तर मी जातो कुठे. शनिवारी उजाडायला फूटहिल बुलेव्हार्डने, म्हणजे जुना रूट 66, अपलँडहून क्लेअरमाँट आणि परत, ताशी सत्तर किलोमीटरच्या आत, कोरड्या रस्त्याने. त्या वेगाला नायलॉन छान चालतो. सुटायला लागला तर हळूहळू सुटतो, आधी सांगतो, एकदम सोडत नाही, आणि ड्रम ब्रेक नि एका पाट्याच्या गाडीला असा टायर जुळतो. पॉवर स्टीअरिंग नाही, उभ्या जागी चाक वळवायला पुढचा अरुंद नायलॉन हलका जातो. पुढे जुन्या फोर्डच्या 16 च्या रिमा आहेत, फक्त चार इंच रुंद, त्यांच्यावर आजकालचा रुंद रेडियल बसवणं बरोबर नाही.

आणि दुसरं, ते मी लपवत नाही, मला तो टायर गाडीखाली पाहिजे होता. पुढे 5.50-16, मागे 7.50-16 (आधी टायरची रुंदी, मग रिमचं माप, दोन्ही इंचात), पुढचा सत्तावीस इंचाच्या आसपास उंच आणि मागचा बत्तीसच्या जवळ, त्यामुळे गाडी नाकावर झुकून उभी राहते, धावायला वाकलेल्या पोरासारखी. नायलॉनची भिंत ताठ उभी राहते, रेडियल खाली पोट सोडतो. मिशेलिनने रेडियलचं पेटंट 1946 ला घेतलं, 1949 पासून युरोपात विकायला लागले, पण इथल्या अमेरिकन गाडीला कंपनीतनंच रेडियल यायला 1970 उजाडलं, लिंकनच्या मार्क थ्रीला. माझ्या गाडीतलं एकेक नटबोल्ट मी त्या काळाचं शोधलंय, पोमोनाच्या जुन्या पार्टच्या बाजारात पहाटे पाचला टॉर्च घेऊन फिरलोय, आणि मग जमिनीला लागणारी एकच गोष्ट पुढच्या काळाची लावायची हे मला जमेना. उद्या बॉनव्हिलला, उटाहमधल्या मिठाच्या मैदानावर, गाडी न्यायची वेळ आली तर जवळपास हजार किलोमीटर आहे, तेव्हा मी आजोबांसारखे रेडियल दुसऱ्या रिमांवर चढवीन. तोवर नाही. पावसात काढायची नाही, फ्रीवेला घालायची नाही, आणि पोरगी बसली की पट्टा, हे हिला शब्द देऊन ठरवलंय.

बसवायला इथल्या एका दुकानात नेले तर पोरगा म्हणाला ट्यूबवाले आम्ही करत नाही. मग घरीच, गॅरेजमध्ये जमिनीवर बसून. रिमा जुन्या, आत गंज होता, तारेच्या ब्रशने काढून रंग मारून दोन दिवस वाळवल्या. टायरच्या आत पावडर, ट्यूबला आधी थोडी हवा म्हणजे घडी पडत नाही, व्हॉल्व्ह सरळ आला का बघून मग दुसरी कड आत, थोडी थोडी हवा, परत सोडायची, परत भरायची. सगळं तुमचंच. तीन बसले, चौथ्याला पहारीने ट्यूब चिमटली आणि पंक्चर झाली, तेव्हा अंधार पडलेला, पोरगी बॅटरी धरून उभी होती, तिला म्हटलं तुझे आजोबा असते तर एव्हाना ट्रकचे सहा झाले असते.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळवलेली, एक सूत ठेवलाय, रेडियलला याच्या निम्मा लागला असता. हवा चारीत तीस पौंड भरली, मग खडूने टायरवर आडवी रेघ मारून सरळ रस्त्याला थोडी चालवली. पुढची रेघ सारखी पुसली जाते. मागची फक्त मधली पुसली जाते, दोन्ही कडांना खडू तसाच राहतो, म्हणून सव्वीसवर आणली, तरी कडांना दोन बोटं खडू राहतोच. मागे वजनच कमी आहे या गाडीला. आता अजून उतरवू का एवढ्यावर थांबू हे मला कळत नाही. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांना तुम्ही किती ठेवायचात? फार उतरवली तर जोरात ब्रेक लावताना किंवा गाडी उचलताना रिम टायरमध्ये फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह ओढला जाईल अशी भीती वाटते.

रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करतो, तोवर विचार करून ठेवा. आईला म्हणावं गुडघ्याचं तेल पोचलं.

तुमचा,
धाकटा