डिझेल सप्लायचा दोष न तपासता पंप खोलल्याबद्दल तक्रार

दिनांक : ३० सप्टेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चढावर गाडी बंद पडण्याचं कारण न शोधता डिझेल पंप व नोझलचं अनावश्यक काम करून बिल घेतल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा १९९९ सालचा सहाचाकी ट्रक मी २००६ मध्ये जुना घेतला आणि तेव्हापासून स्वतःच चालवतो. साताऱ्याहून आलं भरून पुण्याला मार्केट यार्डात जायचं आणि येताना पेंडीची पोती किंवा खत घेऊन परतायचं, हा माझा धंदा. गाडी जुनी असली तरी दरवर्षी फिटनेस पास करते, आणि मोठं काम निघालं की मी ती महामार्गावरच्या आपल्या अधिकृत वर्कशॉपलाच नेत आलोय. म्हणूनच हे पत्र लिहिताना वाईट वाटतंय.

जुलैअखेरीस पहिल्यांदा गाडी खंबाटकी घाटात दम सोडू लागली. चढ लागला की पिकअप जायचा, इंजिन मिसिंग करायचं, म्हणजे अडखळायचं, आणि दोन-तीन वळणांत बंद पडायचं. भाचा बॉनेटखाली हात घालून टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा प्रायमर, म्हणजे हातपंप, मारायचा, मी एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायचो. गाडी सुरू व्हायची आणि किलोमीटरभर गेलं की पुन्हा तेच. वर पाऊस, मागे ट्रकांची रांग. त्या रात्री शेवटी कॅनमधलं वीस लिटर डिझेल टाकीत ओतलं आणि गाडी काही झालंच नाही अशी घाट चढून गेली.

ही गोष्ट मी ५ ऑगस्टला आपल्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच वाक्यात सांगितली. टाकी अर्ध्याच्या खाली आली की बंद पडते, डिझेल टाकलं की चालते. जॉबकार्डाची प्रत सोबत जोडली आहे. ग्राहकाची तक्रार या रकान्यात फक्त तीन शब्द आहेत : ‘पिकअप कमी आहे’. अर्ध्या टाकीचा उल्लेख कुठेच नाही. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या तीन शब्दांत आहे.

त्या दिवशी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, एअर काढली, २,८५० रुपये घेतले. याबद्दल माझी तक्रार नाही. फिल्टर बदलायला झालेच होते. २० ऑगस्टला फीड पंप नवा टाकला, ४,६०० रुपये. तरी तेच. मग ३ सप्टेंबरला मला सांगण्यात आलं की मेन पंपच, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल देणारा पंपच, गेलाय. पंप उतरवला, त्यातले डिझेल दाबणारे सहाही एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि इंजिनात डिझेल फवारणारे सहा नोझल बदलले, कॅलिब्रेशन, म्हणजे किती डिझेल सोडायचं त्याचं सेटिंग, केलं. बिल ३४,७५० रुपये. गाडी नऊ दिवस उभी, तीही ऐन गणपतीत, जेव्हा भाडं शोधावं लागत नाही. हा पंप मी दोनच वर्षांपूर्वी कॅलिब्रेट करून घेतला होता, हेही मी सांगितलं होतं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी बरी झाल्यासारखी का वाटायची, ते आता कळतं. वाटेत बंद पडू नये म्हणून मी वर्कशॉपला येताना टाकी फुल करूनच यायचो. ट्रायल भरल्या टाकीवर व्हायची आणि गाडी उत्तम पळायची. माझी टाकी १६० लिटरची, लोडवर गाडी लिटरला पाच किलोमीटर देते. म्हणजे साधारण चारशे किलोमीटर काहीच कळणार नाही. पुण्याची एक फेरी जाऊन-येऊन दोनशे तीस. दुसऱ्या फेरीला परत येताना खंबाटकीच्या पायथ्याशी टाकी बरोबर अर्ध्यावर येते. तिन्ही वेळा गाडी दुसऱ्या फेरीत, त्याच घाटात बंद पडली. हा हिशेब ज्याने मांडला असता, त्याने पंपाला पाना लावला नसता.

१८ सप्टेंबरला पुन्हा बंद पडली, तेव्हा गाडी कशीबशी मागे शिरवळला आणली. तिथे रस्त्याकडेला एका वयस्कर मिस्त्रींचं शेड आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “टाकी किती असताना बंद पडते?” मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी त्यांनी टाकीकडून येणारा पाइप आणि फीड पंप यांच्यामध्ये जोडली आणि मला गाडी रेस करायला लावली. नळीतून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना मी खाली उतरून डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर त्यांनी टाकीची लाइन काढली, पाच लिटरचा डबा दाराच्या आरशाला टांगला आणि त्यातून फीड पंपाला डिझेल दिलं. अर्धा तास गाडी रेसवर ठेवली, मग लोडसकट पुढच्या चढावर नेऊन आणली. एकदाही मिसिंग नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मेन पंप, नोझल सगळं ठीक. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात.

यात अवघड काही नाही. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं, तिथे गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि चेसिस ओली दिसते. टाकीकडची बाजू मात्र ओढीची. तिथे भोक पडलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, हवा आत ओढली जाते. आपल्या लोकांनी गाडीखाली बघून लीकेज नाही असं लिहिलं, ते खरंच होतं. पण त्यावरून हवा घेत नाही असं ठरवता येत नाही.

मिस्त्रींनी झाकण उघडून हवेचं भोक बुजलं नाही ना ते पाहिलं, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर बदलून पाहिले, आणि शेवटी टाकीत उतरणारी ओढीची नळी बाहेर काढली. वरून ती चांगली दिसत होती. अंगठ्याने खालचं तोंड दाबून, नळी पाण्याच्या बादलीत आडवी धरून त्यांनी वरून फुंकर मारली. तळापासून सव्वा वीत उंचीवर, गंजाच्या डागातून बारीक बुडबुडे आले. टाचणी जेमतेम शिरेल एवढं भोक. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत भोक डिझेलच ओढत होतं. पातळी खाली गेली की हवा ओढायला लागत होतं. नवी नळी, वायसर आणि मजुरी मिळून ८५० रुपये, दीड तासाचं काम. त्यानंतर टाकी पाव भरलेली असताना मी मुद्दाम खंबाटकी दोनदा चढलोय.

आपल्या वर्कशॉपमधल्या तरुण मुलांना मी दोष देत नाही. ती मेहनतीची आहेत आणि माझ्याशी आदराने बोलली. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या नव्या नियमांच्या बीएस-६ गाड्या आल्या, त्यांचं सगळं निदान लॅपटॉपवर होतं. माझ्या गाडीला ती पिन लावायला जागाच नाही. या मुलांना डबा टांगून बघायला कोणी शिकवलंच नसेल, तर ती जबाबदारी कंपनीची आहे. माझ्यासारख्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांना चाळीस हजार म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आणखी दोन गोष्टी. काढलेले जुने एलिमेंट आणि नोझल मी मागितले, ते दिले नाहीत. कॅलिब्रेशनचा टेस्ट बेंचवरचा रिपोर्टही दिला नाही. आणि या कामानंतर गाडी लोडवर काळा धूर मारते, जो आधी मारत नव्हती. अ‍ॅव्हरेजही पाचावरून साडेचारवर आलं आहे.

माझी मागणी अशी की फीड पंप आणि मेन पंपाच्या कामाचे मिळून ३९,३५० रुपये मला परत मिळावेत, पंपाचं सेटिंग विनामूल्य पुन्हा तपासून त्याचा रिपोर्ट माझ्या हातात द्यावा आणि माझे जुने पार्ट परत करावेत. नऊ दिवसांच्या बुडालेल्या भाड्याचं मी मागत नाही. मात्र जुन्या गाडीचा पंप उतरवण्याआधी डब्याची टेस्ट झालीच पाहिजे आणि ग्राहक सांगतो ते जॉबकार्डावर त्याच्याच शब्दांत आलं पाहिजे, अशी लेखी सूचना आपण सगळ्या वर्कशॉपना द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गाडी धंद्याची असल्यामुळे ग्राहक कायदा लागू होत नाही, असं मला वर्कशॉपमध्ये ऐकवण्यात आलं. स्वतः राबून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही, असं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे. पंधरा दिवसांत आपलं लेखी उत्तर आलं नाही, तर मी साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन.

भोक पडलेली नळी माझ्याकडे जपून ठेवली आहे. ती पोस्टाने पाठवणार नाही. आपला माणूस आला तर त्याच्यासमोर बादलीत धरून दाखवीन.

आपला,
ट्रकमालक व चालक,
जि. सातारा

सोबत : तिन्ही जॉबकार्ड व बिलांच्या प्रती, नळीचे दोन फोटो, शिरवळच्या मिस्त्रींची पावती.