निर्लेखनाआधी रॅम तपासावी

महोदय,

विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि लहान कार्यालये यांच्याकडे असलेल्या दहा-बारा वर्षे जुन्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून अनेकांसमोर आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. जुन्या यंत्रांत हे दोन्ही नसते. म्हणून अनेक जण लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत कार्यप्रणाली टाकून पाहतात, आणि तो निर्णय योग्यच आहे. मात्र नवी प्रणाली टाकताना संगणक मध्येच हँग झाला, की 'यंत्र गेले' असे समजून त्याला थेट भंगाराची वाट दाखवली जाते. या एकाच गोष्टीबद्दल मला लिहायचे आहे.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला विज्ञान शिक्षक आहे. दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या तालुक्यातील एका शाळेने तिच्याकडील पाच संगणकांवर लिनक्स मिंट टाकून देण्याविषयी मला विचारले. पहिले दोन संगणक एका दुपारीच तयार झाले. तिसऱ्यावर फायली कॉपी होत असताना काम किती झाले ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे जाऊन थांबली. माउसचा बाण जागचा हलेना आणि कॅप्स लॉकची कळ दाबूनही तिचा दिवा लागेना. पंखा तेवढा फिरत होता. बटण दाबून संगणक बंद केला आणि पुन्हा सुरुवात केली, तेव्हा पट्टी पाव भागावरच अडकली. तिसऱ्या खेपेला तर इन्स्टॉलर सुरू होण्याआधीच पडदा काळा झाला. गावातील दुरुस्ती करणाऱ्या मुलाला बोलावले. त्याने दहा मिनिटे पाहून सांगितले, "सर, मदरबोर्ड गेलाय. यात पैसे घालू नका." मुख्याध्यापिका बाईंनी डेड स्टॉक रजिस्टर काढले आणि निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याच्या, प्रस्तावात हा संगणक धरायचे ठरवले. मी त्यांच्याकडे फक्त एक रात्र मागून घेतली.

त्या रात्री मी मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू केला. हा प्रोग्रॅम कोणत्याही कार्यप्रणालीशिवाय चालतो. रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीच्या, प्रत्येक कप्प्यात तो ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून जुळतात का ते पाहतो. अर्ध्या तासाच्या आत पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. संगणकात डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मी वीज काढली, एक पट्टी बाजूला ठेवली, दुसरीच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि चाचणी पुन्हा लावली. सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही. मग बाजूला ठेवलेली पट्टी तशीच पुसून त्याच खाचेत बसवली आणि लाल ओळी परत आल्या. याचा अर्थ खाच धड होती, मदरबोर्ड धड होता, दोष होता तो त्या एका पट्टीत. उरलेल्या चार जीबीवर लिनक्स मिंट पहिल्याच प्रयत्नात पूर्ण बसले. मिंटला किमान दोन जीबी रॅम लागते आणि चार असल्यास शाळेचे काम नीट होते.

"पण विंडोज तर चालत होती ना?" असे बाईंनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. रोजच्या वापरात रॅमचा बराचसा भाग रिकामा राहतो. बिघडलेल्या कप्प्यात एखाद्या चित्राचा ठिपका गेला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. नवी प्रणाली टाकताना मात्र इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरच्या घट्ट दाबून भरलेल्या फायली सतत रॅममध्ये उलगडतो आणि डिस्कवर लिहितो. अशा दाबलेल्या फायलीत एक बिट, म्हणजे माहितीचा सर्वांत लहान अंश, जरी उलटा झाला तरी पुढचा सगळा गठ्ठा नासतो. त्यातच प्रोसेसर बराच वेळ जोरात चालतो आणि डिस्कचे आजवर न वापरलेले भागही वापरात येतात. म्हणून वर्षानुवर्षे लपून राहिलेला दोष नेमका याच तासाभरात उघडा पडतो. बिघाड आधीपासून असतो, इन्स्टॉलेशन त्याला फक्त बाहेर काढते.

संगणक कोठे थांबतो, याची नोंद ठेवली तर निम्मे निदान तेथेच होते. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर आधी रॅम आणि उष्णता यांच्यावर संशय घ्यावा. दहा वर्षांच्या संगणकात प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते आणि पंख्यात खडूचीच धूळ बसलेली असते. वर्गातील संगणकांच्या बाबतीत हे मी शब्दशः लिहीत आहे. दर वेळी अगदी त्याच फायलीवर गाडी अडत असेल, तर दोष बहुधा पेनड्राइव्हचा, डाउनलोड केलेल्या फायलीचा किंवा डिस्कचा असतो. प्रणाली तयार करणाऱ्यांच्या संकेतस्थळावर डाउनलोडच्या फायलीशेजारी एसएचए-२५६ ची चौसष्ट अक्षर-अंकांची खूण दिलेली असते. आपल्याकडच्या फायलीची तशीच खूण काढून दोन्ही ताडून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी हे काम जवळजवळ कोणीच करत नाही. बाजारात वरचा आकडा बत्तीस जीबी आणि आत प्रत्यक्षात आठच, असे बनावट पेनड्राइव्हही मिळतात. त्यांवर लिहिताना काहीच तक्रार येत नाही आणि वाचताना सगळे बिघडते. डिस्कची स्वतःची प्रकृती-नोंद असते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या नोंदीत बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांचा, आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलावी. त्यासाठी संगणक टाकून देण्याचे कारण नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर दिसणाऱ्या मेनूमधून इन्स्टॉलेशन निवडल्याबरोबर पडदा काळा होऊन सगळे थांबत असेल, तर तो बहुतेक वेळा ग्राफिक्सचा प्रश्न असतो, विशेषतः एनव्हिडियाचे जुने कार्ड असेल तर. मिंटच्या मेनूतील 'कम्पॅटिबिलिटी मोड' किंवा उबुंटूतील 'सेफ ग्राफिक्स' निवडावे. तसा पर्याय दिसत नसेल तर प्रणाली सुरू करणाऱ्या सूचनेच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा. इंटेलच्या बे ट्रेल गटातील सेलेरॉन प्रोसेसर, उदाहरणार्थ जे१९००, स्वस्त संगणकांत खूप वापरले गेले. लिनक्सवर हे प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी गाढ झोपेत जाताना गोठतात, हा अनुभव जगभर अनेकांनी नोंदवला आहे. झोपेची पातळी मर्यादित करणारी एक सूचना त्याच ओळीत दिल्यावर ते सुरळीत चालतात. यांतला कोणताही दोष सुट्या भागांचा नाही, आणि तरीही अशी यंत्रे 'नादुरुस्त' म्हणून कोपऱ्यात पडलेली मी पाहिली आहेत.

कित्येकदा तर संगणक हँग झालेलाच नसतो. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे असे समजावे. इन्स्टॉलर इंटरनेटवरून भाषेच्या किंवा सुधारणांच्या फायली आणत असतो आणि गावचे नेट मंद असते, म्हणून पडद्यावरची पट्टी अर्धा तास हलत नाही. अशा वेळी घाईने बटण दाबून संगणक बंद केल्यास खरोखरच अर्धवट प्रणाली पदरी पडते. नेटची वायर आधीच काढून काम करावे, सुधारणा नंतर घेता येतात. या सगळ्याच्या आधी जुन्या डिस्कवरील निकाल, दाखले आणि पटाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण इन्स्टॉलेशन डिस्क पुसते. एका कार्यालयात हे न केल्याने तीन वर्षांची कागदपत्रे गेल्याचे मला ठाऊक आहे.

दुरुस्ती करणाऱ्या मुलांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मेमरीची चाचणी रात्रभर चालते आणि त्या रात्रीचे पैसे त्यांना कोणी देत नाही. दहा मिनिटांत उत्तर हवे असलेल्या गिऱ्हाइकाला ते दहा मिनिटांतले उत्तर देतात. म्हणून शाळांनी आणि संस्थांनी तपासणीचे शुल्क दुरुस्तीपासून वेगळे द्यावे आणि बदल्यात लेखी निष्कर्ष मागावा: रॅमची चाचणी किती तास चालली व काय निघाले, डिस्कची नोंद काय सांगते, दुसऱ्या पेनड्राइव्हने प्रयत्न झाला का, दुसरा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, लावून पाहिला का. हा कागद जोडल्याशिवाय संगणकाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव स्वीकारू नये, असा नियम जिल्हा परिषदा आणि शिक्षण विभाग यांनी करावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. काही शे रुपयांच्या रॅमच्या पट्टीपायी एक अख्खा संगणक मुलांपासून दूर जातो, तेव्हा ज्या शाळेत पाच यंत्रांवर पन्नास मुले शिकतात तेथे त्याचा अर्थ फार मोठा असतो.

त्या पाचांपैकी चार संगणक आता चालू आहेत. चौथ्याची अडचण केवळ पेनड्राइव्हची होती. पाचवा मात्र खरोखर गेला होता. कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, फुगून वरून फाटलेले दिसले आणि दुसरा एसएमपीएस लावूनही तो पुन्हा पुन्हा बंद पडत होता. त्याच्या कागदावर मी 'नादुरुस्त' एवढाच शब्द न लिहिता पाहिले ते सगळे लिहिले आणि छायाचित्र जोडले. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांना धरून तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावा, अशी सूचनाही केली. त्याच्यातील चार जीबीची रॅम आधी काढून रात्रभर तपासली. ती निर्दोष निघाली आणि आता तिसऱ्या संगणकात बसवली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक