त्या दोघींना धन्यवाद, नावं विचारायची राहिली
२०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या आईला गोठ्यातल्या म्हशीचं दावं सोडता आलं नाही, आणि नंतर शाळेतल्या कॅम्पात ती रात्रभर नुसती बोटं चाळवत बसायची, गाठ सोडल्यासारखी. सगळेजण म्हणायचे विसर आता, जीव वाचला ना. पण निपाणीकडून आलेल्या दोघी ताई (एक कानडी बोलणारी, मोडकंतोडकं मराठी) आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हशीचं नाव काय ओ आक्का असं विचारलं, तेव्हा आई पहिल्यांदा रडली!

धडधड वाढली की तळपाय जमिनीला दाबायचे, श्वास हळू सोडायचा, हे त्यांनीच शिकवलं. हे वेडेपण नाही, एवढ्या धक्क्यानंतर असं होतंच, जास्त दिवस राहिलं तर डॉक्टरकडे न्यायचं, हे पण नीट समजावलं. आता मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा फ्री नंबर आहे, तेव्हा आम्हाला फक्त त्या दोघीच होत्या.

पत्र्यावर पाऊस वाजला की आई अजून उठून बसते, पण पाय टेकवते आणि परत झोपते. ताई, तुम्ही कुठंही असा, मनापासून धन्यवाद. नवीन म्हशीचं नाव आईनं तेच ठेवलंय, चंद्री.