तणनाशकाच्या डब्यावर गटाचा आकडा मोठा छापा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र एका आकड्यासाठी आहे. तणनाशक तणाच्या नेमक्या कोणत्या क्रियेवर घाव घालतं, त्यावरून जगभर त्यांचे गट पाडले आहेत आणि प्रत्येक गटाला क्रमांक दिला आहे. पण डबा हातात घेतला की डोळ्यांत भरतं ते व्यापारी नाव. घटकाचं नाव त्याखाली बारीक, आणि गटाचा आकडा असलाच तर माहितीपत्रकाच्या कुठल्यातरी घडीत. तो पुढच्या बाजूला, व्यापारी नावाइतक्याच मोठ्या टायपात छापण्याची सक्ती करा, एवढंच मागणं आहे.

एवढ्याशा गोष्टीला खुलं पत्र कशाला, असं वाटेल. भाताचं बघा. एखाद्यानं काही हंगाम सलग बिस्पायरीबॅक सोडियम मारलं आणि रानसावा मरेनासा झाला. तो म्हणतो, दुसरं औषध द्या. त्याला पेनॉक्ससुलम मिळतं, पुढच्या हंगामात पायराझोसल्फ्युरॉन. कंपनी वेगळी, डबा वेगळा, मात्रा वेगळी. पण तिन्ही गट २ मधली. तिन्ही झाडातलं अ‍ॅसिटोलॅक्टेट सिंथेज हे एकच विकर (एन्झाइम) बंद पाडतात आणि वाढीला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होऊ देत नाहीत. त्या विकरातच बदल झालेलं रोप पहिल्या औषधातून वाचलं, तर पुढच्या दोन्हींतूनही वाचण्याची शक्यता दाट. गव्हातही तेच. क्लोडिनाफॉप चालेना म्हणून फेनॉक्साप्रॉप, नाहीतर पिनोक्साडेन. तिन्ही गट १. शेतकरी मनापासून औषध बदलतो, तणाच्या लेखी मात्र काहीच बदललेलं नसतं.

याचा शेवट काय होतो ते हरियाणा आणि पंजाबनं पाहिलेलं आहे. तिथल्या भात-गहू पट्ट्यात गुल्ली डंडा हे गवतवर्गीय तण (तिकडे मंडूसी म्हणतात) गव्हात माजलं, त्यावर आयसोप्रोट्युरॉन आलं आणि वर्षानुवर्षं तेच एक मारलं गेलं. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते चालेनासं झाल्याचं उघड झालं. शेतं इतकी भरली की काहींनी हिरवा गहू कापून गुरांना घातला. दशकाच्या अखेरीस क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधं आली आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढे त्यांनाही दाद न देणारा गुल्ली डंडा सापडला. औषध नवं आणि सवय जुनी, म्हणून हे झालं. ज्यांनी शून्य मशागतीवर, म्हणजे न नांगरता, पेरणी केली किंवा मधे एखादं वर्ष बरसीमसारखं चाऱ्याचं पीक घेतलं, त्यांच्याकडे तणाचा जोर कमी राहिला. सरकारी सल्ल्यात मात्र याला अजून शेवटच्या ओळीची जागा मिळते.

हे तण ओळखणंही सोपं नाही. कोवळेपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. रोप उपटून बुंध्याशी मोडलं की लालसर छटा दिसते. गव्हाचं पान खोडाला जिथे बिलगतं तिथे दोन बारीक कानं असतात, याला नसतात. हे बघायला उकिडवं बसावं लागतं, आणि ते फवारणीच्या आधी. कारण तण दोन-तीन पानांवर असतानाच औषध नीट लागतं. त्याला फुटवे आले की पूर्ण मात्राही अपुरी पडते.

आपल्यापुढे आक्षेप येईल की शेतकऱ्याला रसायनशास्त्र काय कळणार. त्याला ते कळायची गरजच नाही. खताच्या गोणीवरचा दहा-सव्वीस-सव्वीस किंवा अठरा-शेहेचाळीस हा आकडा शाळेत न गेलेला माणूसही बिनचूक सांगतो, कंपनीचं नाव विसरला तरी. तसंच त्याला म्हणता यावं: गेल्या साली दोन मारलं, यंदा दोन नको. ऑस्ट्रेलियात गटाची खूण लेबलवर छापणं फार पूर्वीपासून बंधनकारक आहे. तिथे आधी अक्षरं होती, अलीकडे जगभर एकच राहावेत म्हणून आकडे आणले. तिथल्या गहू उत्पादकांना हे हौसेनं सुचलेलं नाही. त्यांच्या शेतातल्या रायगवत या तणानं एकामागून एक गट पचवले, तेव्हा कुठे हे शहाणपण आलं. आज तिथे कापणीच्या वेळी कोंड्याबरोबर निघणारं तणाचं बी भरडून टाकणारी यंत्रं हार्वेस्टरला जोडतात. पहिलं तसं यंत्र रे हॅरिंग्टन या शेतकऱ्यानं बनवलं.

आकडा छापला की सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. मात्रा कमी टाकणं हा दुसरा रोग आहे. रायगवतावरच्या प्रयोगांत कमी मात्रेतून वाचलेल्या रोपांचं बी पुढे पुढे पेरत गेल्यावर काही पिढ्यांतच प्रतिकार वाढलेला दिसला. आपल्याकडे मात्रा मुद्दाम कमी करतात असंही नाही. कीटकनाशकाचं पोकळ शंकूचं नोझल तसंच ठेवून तणनाशक मारतात. पट्ट्यागणिक कुठे जास्त, कुठे निम्मं पडतं. तणनाशकाला सपाट पंख्याचं नोझल लागतं, ते पंपाबरोबर मिळायला हवं. शिवाय एकाच टाकीत सगळं कालवायची घाई असते. २,४-डी क्लोडिनाफॉपसारख्या औषधात मिसळलं की गवतवर्गीय तणावरचा परिणाम घटतो. आणि तेच २,४-डी गव्हावर अवेळी पडलं, तर ओंबी पोटरीतून सुटताना अडकते, वाकडी होते. लेबलवर ‘यात काय मिसळू नये’ हा मजकूरही वाचता येईल एवढा असावा.

आता तणनाशक सहन करणाऱ्या भाताच्या वाणांबद्दल. पेरभाताला, म्हणजे रोपं न लावता थेट पेरलेल्या भाताला, त्यांचा उपयोग आहे, हे मला मान्य आहे. इमाझेथापायर सहन करणारे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण आलेले आहेत. ते जनुकीय परावर्तित (जीएम) नाहीत, यावर खूप बोललं गेलं. मला काळजी वेगळीच आहे. इमाझेथापायरही गट २ मधलंच. अमेरिकेत याच गटाला दाद न देणारा भात २००२ मध्ये आला आणि काही वर्षांतच तो गुण शेतातल्या तणभातात, म्हणजे तण म्हणून उगवणाऱ्या रानटी भातात, उतरलेला सापडला, कारण भात आणि तणभात यांचा संकर होतो. वाण विकताना फेरपालटाची अट बियाण्याच्या पिशवीवर छापून द्या. नाहीतर आज ज्याचं कौतुक चाललं आहे, त्याच्याच नावानं पुढे खडे फोडावे लागतील.

कोळपं अजून मोडीत काढू नका, हेही जाता जाता. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे ज्वारीवाल्यांना सांगावं लागत नाही. खुरपणीला माणूस मिळत नाही हे खरंच आहे, आणि दिवसदिवस वाकून खुरपणाऱ्या बायांच्या कंबरेचा विचार केला तर तणनाशकाला नावं ठेवायला जीभ उचलत नाही. म्हणूनच ते चालतं राहिलं पाहिजे. गेली जवळजवळ तीन दशकं तणनाशकांत कार्यपद्धती म्हणून नवं असं फारच थोडं आलं आहे. हाताशी आहेत ते गट एकेक करून निकामी झाले, तर ती जागा भरायला कोणी तयार उभं नाही.

लेबलचा नियम बदलायला अनुदान लागत नाही, यंत्रणा उभारावी लागत नाही. पुढच्या रब्बीच्या पेरणीआधी आदेश निघाला, तर त्याच हंगामात विक्रेत्यांच्या प्रशिक्षणात आणि विद्यापीठांच्या शिफारशींत घटकाच्या नावापुढे गट लिहिणं सुरू करता येईल. आपल्या खात्यानं यावर काय ठरवलं, ते कळवावं.

आपला,
एक गहू-ज्वारी उत्पादक